उद्यमनगरातून, बर्फाविषयी

खोटं कशाला सांगू,
गेलो होतो मशीनच्या प्रदर्शनाला.
हॉकीची तिकिटं संपलेली,
डोंगरावरनं उड्या मारणाऱ्यांची परवडेनात,
ह्या खेळाची मिळाली.
परत आलो तर निवास म्हणाला,
मालक, झाडू मारायची मॅच बघून आला म्हणं?
अख्खी गल्ली हसली.
सिकंदर, चहात खारी बुडवत तूही हसलास.

हसा.
वीस किलोचा दगड असतोय तो.
खालनं खोलगट, टेकतो फक्त एका कड्यावर,
वाटीच्या काठाएवढ्या.
जवळ जाऊ दिलं असतं
तर मी बोट फिरवून फिनिश बघितला असता.
टाकणारा एका पायावर लांब सरकत येतो
आणि मूठ अशी सोडतो,
झोपलेल्या पोराच्या मानेखालनं हात काढावा तशी.

आणि बर्फ गुळगुळीत नसतोय, निवास.
एकजण पाठीला टाकी लावून
वडणग्यात कोबीवर फवारतात तसा
थेंब शिंपडत उलटा चालत जातो.
थेंब गोठतात. बर्फाला काटा येतो.
त्या काट्यावरनं दगड चालतो,
गुळगुळीत असता तर मध्येच रुतून बसला असता.
हे मला, तीस वर्षं लोखंड गुळगुळीत करून
पोट भरणाऱ्याला,
कानटोपी घालून परक्या गावात कळलं.

दोघी पुढं घासत निघतात.
दगडाला कुणी हात लावत नाही,
त्याच्या पुढची वाट तेवढी गरम करायची.
पलीकडनं कप्तानीण ओरडते,
खासबागेत कडेला बसलेला वस्ताद ओरडतो तशी.
भाषा कळली नाही. घसा कळला.
रंगीत वर्तुळं असतात, त्याला घर म्हणतात.
शेवटचा दगड ज्याच्याकडं, त्याच्याकडं हातोडा.
हे शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, खुणा करून.
तिनं मला चॉकलेट दिलं,
मी तिला डब्यातला खर्डा.
डोळ्यांतनं पाणी काढलं तिनं,
आणि पुन्हा हात पुढं केला.

आठव्या डावात
निळ्या जर्सीतल्या पोरीचा झाडू दगडाला लागला.
लागला म्हणजे काय, केसभर.
मला दिसला कारण माझी नजर मायक्रॉनवर पोसलेली.
समोरच्यांना दिसला नाही.
पंच लांब, दुसऱ्याच पट्टीकडं बघत होता.
तिनं हात वर केला.
दगड थांबेपर्यंत तशीच उभी राहिली,
मग स्वतःच पायानं बाजूला सारला.
एका गुणानं हरल्या.
झाडू काखेत धरून सगळ्यांशी हात मिळवले,
म्हातारी टाळ्या वाजवून वाजवून दमली.

मी थंडीनं हात मांडीखाली घेऊन बसलो होतो.
तसाच बसून राहिलो.

सिकंदर,
दिवाळीआधीचा तो पंपाचा लॉट.
तेराव्या बॉडीत ब्लोहोल निघालं होतं,
मसुराएवढं.
तू म्हणालास, भट्टीत टाकू परत.
मी म्हणालो, रात्र थोडी, गाडी दारात.
पुट्टी भरली मी. घासली मी.
रंग मारून दिव्याखाली धरली आणि म्हणालो,
सांग बघू कुठं हाय?
तुला सापडलं नाही.
तू काही बोललाही नाहीस, निस्ता हात धुवायला गेलास.
पेमेंट आलं. वेळेत आलं.

आता सकाळचे साडेनऊ.
लेथखालच्या सुरळ्या झाडल्या जातायत,
वर ऊन आलंय, पत्रा तडतडतोय.
सांगलीच्या पार्टीचा नंबर पहिल्यांदा लावला
तेव्हा एंगेज होता,
आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं होतं.
आता रिंग जातेय.

निवास, जरा थांबव रे झाडू.
ऐकू येत नाही.